आडनावाचा रकाना

हुंडीच्या काळात 'शाहजोग' हा शब्द प्रत्येक पेढीवरील मुनिमाला ठाऊक होता. शाहजोग हुंडीची रक्कम ती घेऊन येणाऱ्या कोणाही इसमाच्या हाती पडत नसे. बाजारात पत असलेल्या, पेढ्यांच्या ओळखीच्या 'शाहा'लाच ती द्यावयाची, असा तिचा दंडक होता. 'नामजोग' हुंडीवर घेणाऱ्याचे नाव असे, पण तो इसम तोच, हे ठरवण्याचे अंतिम साधनही बाजाराची ओळख हेच होते. येथे 'शाह' हे आडनाव नव्हे. ती प्रतिष्ठेची पायरी होती. पुढे तीच पायरी हजारो कुटुंबांचे आडनाव बनली आणि परस्परांशी कसलेही नाते नसलेली घराणी मतदार यादीत एकाखाली एक 'शहा' म्हणून बसली.

आडनावे अशीच घडली. दक्षिण महाराष्ट्रातील जैन कुटुंबांत 'पाटील' हा गावच्या वतनाचा शब्द, 'उपाध्ये' हा धर्मकार्याचा. मारवाडातून आलेल्या ओसवाल कुटुंबांनी गोत्र आडनाव म्हणून पुढे चालवले. उत्तरेतील अनेकांनी गोत्र मागे ठेवून 'जैन' एवढेच लिहिले. एकाच आजोबांचे दोन नातू, एक पुण्यात 'कोठारी' आणि दुसरा दिल्लीत 'जैन', असे चित्र विरळ नाही. समाजाला याची अडचण कधी वाटली नाही, कारण समाज माणसाला नात्याने आणि गावाने ओळखत होता. अडचण सुरू झाली ती छापील अर्जाबरोबर, ज्यात नावासाठी दोन किंवा तीन चौकटी आखलेल्या असतात आणि शेवटच्या चौकटीवर 'आडनाव' असे लिहिलेले असते.

व्यापारी समाजातील जुनी थोर नावे या चौकटीत घालून पाहावीत. मुंबईचे कापूस व शेअरबाजारातील प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) यांच्या नावातील दुसरा शब्द वडिलांचा. जहाज, विमान आणि साखर या तिन्ही उद्योगांत पाय रोवणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांचे आडनाव दोशी. पण कंपन्यांच्या आणि इतिहासाच्या पानांवर ते 'हिराचंद' म्हणूनच थांबतात. शेठ मोतीशा या नावाने पालिताण्याच्या टुंकीवर आणि भायखळ्याच्या मंदिरात अजरामर झालेल्या गृहस्थांचे नाव मोतीचंद अमीचंद. आजच्या संगणकापुढे यांतील एकाचेही नाव घातले, तर तो वडिलांचे नाव आडनाव समजेल आणि मोतीशांना बहुधा दोन वेगळ्या व्यक्ती मानील. प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्रींचे नाव पुत्राच्या नावात कोठेच नाही; ते राहिले मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर.

आज जगभर चालणारी पासपोर्टची पद्धत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमपुस्तकाने ठरते. त्याची पहिली आवृत्ती १९८० ची. पासपोर्टच्या माहितीच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकीत ४४ जागा. वरच्या ओळीतील पहिल्या पाच जागा दस्तऐवजाच्या प्रकाराला आणि देशाच्या संकेताला जातात. उरलेल्या ३९ जागांत माणसाचे सगळे नाव बसवायचे. या नियमात 'आडनाव' या शब्दाचा हट्ट नाही. तो 'प्राथमिक ओळख' आणि 'दुय्यम ओळख' असे दोन भाग मानतो, कोणता भाग प्राथमिक हे पासपोर्ट देणाऱ्या देशावर सोपवतो, आणि नाव दोन भागांत विभागता येत नसेल तर संपूर्ण नाव प्राथमिक ओळख म्हणून लिहावे, अशीही सोय त्यात आहे. मूळ नियम करणाऱ्यांना जगाची विविधता ठाऊक होती, असे म्हणणे भाग आहे. तिचा विसर पडला तो पुढच्या मंडळींना. विमान कंपन्यांचे तिकिटांचे नमुने, व्हिसाचे अर्ज, बँकांच्या संगणक प्रणाली यांत आडनावाची चौकट सक्तीची केली गेली. ती रिकामी ठेवली तर अर्ज पुढे सरकत नाही.

ज्यांच्याकडे आडनाव ही वस्तूच नाही, त्यांचे काय होते याचे ठळक उदाहरण तमिळनाडूत आहे. तेथे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आधी आणि स्वतःचे नाव नंतर, अशी रीत आहे. ती केवळ जुनी सवयही नव्हे. १९२९ साली चेंगलपट्टू येथे भरलेल्या स्वाभिमान चळवळीच्या परिषदेत नावामागची जातिवाचक उपपदे टाकून देण्याचा ठराव झाला होता; म्हणजे आडनाव नसणे हा तेथे अनेकांचा विचारपूर्वक निर्णय होता. परदेशी अर्ज भरताना आद्याक्षराचा विस्तार करावा लागतो आणि दोनपैकी एक नाव आडनावाच्या चौकटीत जाते. बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद यांचे स्वतःचे नाव आनंद, विश्वनाथन हे वडिलांचे. पण युरोपातील बुद्धिबळ जगताने पहिला शब्द तोच माणसाचा, असे गृहीत धरून त्यांना 'विशी' केले आणि ते नाव कायमचे चिकटले. खेळाडूच्या बाबतीत हा गमतीचा भाग ठरतो. रुग्णालयाच्या नोंदीत किंवा न्यायालयाच्या समन्सवर मुलाऐवजी वडिलांचे नाव पुकारले जाते, तेव्हा गंमत उरत नाही.

एकच नाव असणाऱ्यांची स्थिती याहून बिकट. भारतीय पासपोर्टवर एकच नाव असेल, तर अमेरिकेच्या व्हिसावर ते आडनावाच्या जागी लिहिले जाते आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' ही तीन अक्षरे येतात; अर्थ, पहिले नाव अज्ञात. पुढे वाहन परवान्यापासून वेतनपत्रकापर्यंत 'फ्नू' हेच त्या माणसाचे नाव होऊन बसते. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये, पासपोर्टवर नाव किंवा आडनाव यांपैकी एकच रकाना भरलेला असेल तर पर्यटन वा भेटीच्या व्हिसावर प्रवेश मिळणार नाही, असे विमान कंपन्यांना कळवले. नंतर, पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर चालेल, असा खुलासा झाला. दुबईच्या बाजाराशी ज्यांचा नित्य संबंध आहे, अशा कुटुंबांतील वयस्कर मातांच्या पासपोर्टवर पूर्वी 'बाई' जोडून एकच नाव लिहिले गेलेले आढळते. नातवाच्या घरी जाऊ पाहणाऱ्या आजीला विमानतळावरून परत यावे लागणे, हा त्या एका रिकाम्या चौकटीचा परिणाम.

इतर देशांनी या प्रश्नाशी कशी गाठ घातली, हेही पाहण्यासारखे आहे. इंडोनेशियाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष, सुकार्नो आणि सुहार्तो, एकाच नावाचे. त्याच देशाने २०२२ मध्ये नियम केला की, नव्या नोंदीत नाव किमान दोन शब्दांचे आणि जास्तीत जास्त ६० अक्षरांचे असावे. आधीची नोंदलेली नावे मात्र वैध ठेवली. सियामच्या राजाने १९१३ मध्ये आणि तुर्कस्तानच्या प्रजासत्ताकाने १९३४ मध्ये कायदा करून प्रजेला आडनावे घ्यायला लावली. करवसुली, सैन्यभरती आणि जनगणना यांना आडनाव सोयीचे पडते, हे त्यामागचे सरळ कारण. आडनाव म्हणजे अनादि कालापासून चालत आलेली कुळाची खूण, अशी समजूत बाळगणाऱ्यांनी ही साले लक्षात ठेवावीत.

आइसलँड मात्र वाकला नाही. तेथे मुलाच्या नावापुढे वडिलांचे किंवा आईचे नाव आणि 'पुत्र' किंवा 'कन्या' या अर्थाचा प्रत्यय लागतो. आई, वडील, मुलगा आणि मुलगी अशा चौघांच्या घरात शेवटचे शब्द चार असू शकतात. टेलिफोनची यादीही पहिल्या नावाच्या वर्णक्रमाने लावलेली असते आणि पंतप्रधानांनाही लोक पहिल्या नावानेच संबोधतात. शासनयंत्रणा पूर्णपणे आधुनिक, कामकाज चोख आणि तरीही सर्वसाधारण आडनाव नाही. आडनावाशिवाय दप्तर चालत नाही, या म्हणण्यात किती तथ्य आहे ते यावरून दिसते. दप्तर चालते, पण ते आपल्या लोकांच्या रीतीवर बेतावे लागते.

महाराष्ट्राची त्रिपदी पद्धत, म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव, ही या दोन टोकांच्या मधली. आइसलँडप्रमाणे तिच्यात पित्याचा निर्देश आहे आणि युरोपातील अन्य देशांप्रमाणे कुळाचाही. पुरुषाच्या बाबतीत ती बरीच सोयीची, कारण जन्मापासून मृत्यूपर्यंत तिन्ही पदे स्थिर राहतात. स्त्रीच्या बाबतीत तीच पद्धत सर्वांत जास्त घात करते. विवाहाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले की माहेरची कांचन सासरची सुवर्णा होते, मधले नाव बदलते आणि आडनावही. तीनपैकी एकही पद शिल्लक राहत नाही. दप्तराच्या दृष्टीने एक व्यक्ती नाहीशी झाली आणि दुसरी, जन्मदाखला नसलेली, शाळेत कधीही न गेलेली व्यक्ती अवतरली.

विवाहानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे, असा कायदा भारतात नाही. ही केवळ रूढी आहे. फ्रान्समध्ये १७९४ च्या क्रांतिकालीन कायद्याने जन्मदाखल्यावरील नाव हेच माणसाचे नाव ठरवले आणि ते तत्त्व आजही चालू आहे; पती-पत्नींना परस्परांचे आडनाव वापरता येते, पण मूळ नाव पुसले जात नाही. बेल्जियममध्येही विवाहाने नाव बदलत नाही. अँटवर्पच्या हिरेबाजारात पालनपुरी जैन कुटुंबे कित्येक दशके स्थिरावलेली आहेत. अशा घरी जाणाऱ्या सुनेचा जन्मदाखला एका नावाचा आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा असला की, या दोन्ही स्त्रिया एकच, हे जोडणारा कागद तिच्याजवळ लागतो.

हा जोडणारा कागद नसल्याची खरी किंमत परदेशात नव्हे, घरीच मोजावी लागते. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे आणि ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच सहदायिकाचा हक्क दिला. वडील गेल्यानंतर तलाठ्याकडे वारसनोंद करताना, फेरफार मंजूर करून घेताना, किंवा भावाबहिणींनी मिळून दुकानाची जागा विकताना, साठीला पोहोचलेल्या बहिणीने आपण 'कांचन' होतो हे सिद्ध करावयाचे असते. शाळा सोडल्याचा दाखला कोठेतरी ट्रंकेत. त्या शाळेचेही नाव आता बदललेले. विवाहाची नोंद त्या काळी अनेकांनी केलीच नाही. वडिलांनी तिच्या माहेरच्या नावे घेतलेले कागदी शेअर तर आणखी अवघड. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे हस्तांतर बंद झाले आहे आणि सलग सात वर्षे लाभांश न उचललेले शेअर कंपनी कायद्यान्वये गुंतवणूकदारांच्या शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तेथून ते परत मिळवताना प्रमाणपत्रावरील नाव, पॅनवरील नाव आणि बँक खात्यावरील नाव यांचा मेळ घालावा लागतो. घरातील पुरुषांच्या बाबतीत हे काम काही महिन्यांचे. सुवर्णाबाईंच्या बाबतीत ते कित्येकदा अर्धवट सोडून दिले जाते. 'जाऊ दे, भावालाच राहू दे' हा उदारपणा पुष्कळ वेळा कागदाच्या अभावातून आलेला असतो.

पॅनच्या रचनेत एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. दहापैकी चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते: 'पी' म्हणजे व्यक्ती, 'एच' म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, 'एफ' म्हणजे भागीदारी पेढी. व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. विवाहानंतर नावात दुरुस्ती झाली तरी क्रमांक तोच राहतो, त्यामुळे विवाहाआधी पॅन काढलेल्या स्त्रीच्या क्रमांकात माहेरचे अक्षर कायम असते. क्रमांक स्थिर आणि नाव दुरुस्त होणारे, ही पद्धत दप्तराला जमते याचा हा पुरावाच म्हणावा.

नावाच्या लेखनातील भेद वरवर क्षुल्लक वाटतात. 'लुणावत' हे एका भावाच्या कागदावर रोमन लिपीत 'व्ही'ने, दुसऱ्याच्या 'डब्ल्यू'ने. 'शहा' कोठे शेवटी 'ए' लावून, कोठे न लावता. 'राजेशकुमार' हा एक शब्द की दोन, यावर 'कुमार' हे मधले नाव ठरते, आणि वडिलांच्या नावाला जागाच उरत नाही. गुजराती घरांत 'भाई' आणि 'बेन' ही आदराची जोड काही कागदांवर नावात शिरलेली आणि काहींवर नसलेली. नावासमोर 'श्री' लिहावे तसे हे आहे, असे नातेवाइकांना वाटते; यंत्राला ती तीन-चार अक्षरे निराळी दिसतात. आरटीजीएस आणि एनईएफटीने पैसे पाठवण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव पडताळून पाहण्याची सोय आता बँकांतून मिळू लागली आहे. चुकीच्या खात्यात रक्कम जाण्याचा धोका तिने टळतो हे खरे, पण बिलावर एक नाव आणि खात्यावर दुसरे असे असणाऱ्या व्यापाऱ्याला समोरून फोन येऊ लागतो.

एका प्रकारच्या नामांतराचा येथे उल्लेख करायला हवा. दीक्षा घेताना सांसारिक नाव सुटते आणि गुरू नवे नाव देतात. सरकारी दप्तरात मात्र जुन्या नावाचे खाते, जुन्या नावाचा हिस्सा तसाच पडून राहतो. त्याचा निकाल दीक्षेपूर्वीच लावणे हे कुटुंबाचे काम. पासपोर्टच्या नियमांत डिसेंबर २०१६ मध्ये जे बदल झाले, त्यांत साधू-संन्याशांना आईवडिलांच्या नावाऐवजी गुरूंचे नाव देण्याची मुभा मिळाली. पायी विहार करणाऱ्या मुनिराजांना पासपोर्टचे प्रयोजन नाही, ही गोष्ट निराळी. परंतु आचार्य तुलसी यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या समण श्रेणीतील समणी परदेशी जातात, त्यांना ही सोय उपयोगी पडण्यासारखी आहे. त्याच बदलांनी अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालेल, असेही ठरले.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेला निर्णय या सर्वांत अलीकडचा. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे. विवाहित स्त्रीचे नाव, पतीचे नाव व आडनाव ही चालू पद्धत कायम ठेवली असून, मालमत्तेच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभाही दिली आहे. ही दुसरी तरतूद गाजली नाही, पण कुटुंबांनी तिची दखल घ्यावी. पहिली तरतूद न्याय्यच. आईचे नाव नोंदीबाहेर राहण्याला कोणतेही समर्थन नव्हते. तरी चार पदांचे नाव दोन चौकटींच्या जगात कसे उतरवायचे, हे घरोघरी ठरवावे लागणार आहे. पासपोर्टवर पहिली तिन्ही पदे 'दिलेले नाव' या एका चौकटीत गेली, तर ३९ जागांत लांब नावे तुटू शकतात आणि परदेशी शाळेत आईचे व वडिलांचे नाव मुलाचीच आणखी दोन नावे समजली जातात.

बँका कोणता कागद मानतात हेही स्पष्ट असावे. रिझर्व्ह बँकेच्या 'केवायसी' निर्देशांनुसार ओळखीचा कागद मिळाल्यानंतर नाव बदलले असेल, तर राज्य शासनाने दिलेला विवाहाचा दाखला किंवा राजपत्रातील अधिसूचना जोडल्यास तो कागद ग्राह्य धरला जातो. नोटरीपुढे केलेल्या 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' अशा प्रतिज्ञापत्रावर पुष्कळांची भिस्त असते, पण ते या दोहोंची जागा घेत नाही. विवाहाच्या दाखल्यात वधूचे माहेरचे नाव येते, सासरी बदललेले पहिले नाव त्यात असेलच असे नाही. अशा वेळी राजपत्र हाच मार्ग. राजपत्राची मूळ प्रत आणि शाळा सोडल्याचा दाखला एका पाकिटात ठेवावेत. त्यांची पुन्हा गरज केव्हा पडेल हे सांगता येत नाही. जुन्या पिढीतील स्त्रियांनी हे काम वडिलांच्या किंवा पतीच्या हयातीतच करून घेतलेले बरे. मागाहून साक्षीला माणसे राहत नाहीत.

नव्या पिढीला हा व्याप टाळता येईल. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, आधार, विवाहनोंद आणि सरकारी नेमणूक या कामी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थानाचा पुरावा ठरवला आहे, म्हणजे त्यावर जे नाव चढेल तेच पुढे सर्वत्र उतरेल. नाव न घालता जन्माची नोंद झाली असेल, तर बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येते. बारशाच्या आनंदात निबंधकाकडील अर्ज रुग्णालयातील कारकुनावर न सोपवता घरातील जाणत्याने स्वतः भरावा, रोमन लिपीतील अक्षरे वडिलांच्या आणि आईच्या पासपोर्टशी जुळवून पाहावीत आणि 'कुमार' वेगळा लिहायचा की जोडून, हे त्याच दिवशी ठरवावे.